बारावी बाटली

दादानं वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली वस्तू पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर ठेवली आणि कागद उलगडला. आत कपडे धुण्याच्या मोठ्या मशीनची, पाणी तापवायची कॉइल होती. कॉइल म्हणायची ती फक्त आकारावरून, कारण धातू कुठंच दिसत नव्हता. सगळ्यावर बोटभर जाडीचा पांढरट पिवळा थर बसला होता. टेबलावर टेकताच त्याचा एक तुकडा सुटला आणि तिच्या उघड्या नोंदवहीवर पडला.

"ही तिसरी," तो म्हणाला. "या वर्षातली."

तिनं तुकडा चिमटीत उचलून ट्रेमध्ये ठेवला आणि वही झटकली.

"दादा, हे इथं नको. मी रविवारी घरी येतेच आहे."

"घरी तू बहीण असतेस. मला खात्याशी बोलायचंय. मॅडमशी."

लहानपणापासून तो तिला 'शहाणे' म्हणत आला होता. शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही आणि सायकलवरून पडून दात पाडून घेतला तेव्हाही. 'मॅडम' हा शब्द त्यानं आज पहिल्यांदा वापरला आणि तो म्हणताना खुर्ची समोर असून तो बसला नाही.

गावात पाणी दोन होती, ही जुनी गोष्ट. वरच्या आळ्यांना टेकडीवरच्या टाकीचं आणि बंदराजवळच्या खालच्या आळीला किनाऱ्यालगतच्या विहिरीचं. विहिरीत हळूहळू समुद्र शिरत गेला, पाणी जड झालं, साबणाला फेस येईना. तेव्हा अडीच वर्षांपूर्वी पाणी खात्यानं विहिरीचा व्हॉल्व्ह बंद केला, खालच्या आळीला टाकीची लाइन जोडली आणि त्याचा समारंभही केला. हार, भाषणं, फोटो, सगळं यथासांग झालं. खालची आळी मात्र तेव्हापासून म्हणत होती की नळाला अजून विहिरीचंच पाणी येतं. खातं म्हणत होतं, शक्य नाही. आणि खातं असं म्हणायचं तेव्हा पुरावा म्हणून तिची नोंदवही पुढं करायचं.

दर मंगळवारी बारा ठरलेल्या नळांवरून बारा बाटल्या यायच्या. बारावा नळ तेवढा खालच्या आळीतला, लाइनीच्या अगदी शेवटचा. त्याचा जडपणाचा आकडा एकशे चाळीस. कधी एकशे अडतीस, कधी बेचाळीस. दोनशेच्या आत असलं की पाणी चांगलं. टाकीच्या तोंडाशी जो आकडा, तोच शेवटच्या नळाला. यापेक्षा चोख काम कुठल्या गावात दाखवा, असं मोठे साहेब पाहुण्यांना सांगायचे.

"आळीतल्या साठ घरांच्या सह्या आहेत अर्जावर," दादा म्हणाला. "त्याचं उत्तर तुझ्या कागदावरून जाणार आहे. खरं ना?"

"खरं."

"हॉटेलवाल्यानं मला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिलीय. त्याच्या चादरी करड्या पडतात, टॉवेल अंगाला घासतात. ते गिऱ्हाईक गेलं की लाँड्री गेली. हे तुला माहितीये."

"माहितीये. पण आकडे मी बनवत नाही, दादा. जुन्या घराची टाकी कधी धुतली होतीस? आतले पाइप बाबांच्या वेळचे आहेत. सगळा थर तिथला असणार. लाइनीतून पाणी स्वच्छ येतंय."

हे ती मनापासून बोलत होती, वाईट एवढंच. रविवारी आईकडे हात धुताना साबण बोटांना चिकट लागायचा, तेव्हा आई साबण स्वस्तातला आणते असं ती म्हणायची. बादलीच्या कडेला पांढरी रेघ दिसायची, तेव्हा बादली जुनी असायची. एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं कारण सापडतं. नाकासमोरचं तेवढं सापडत नाही.

दादानं खिशातून एक बाटली काढली. सरबताची, लेबल खरवडलेली.

"आज सकाळी नळाला तोंड लावून भरलीय. तपास."

"असं नाही करता येत."

"का?"

"खात्याच्या माणसानं, खात्याच्या बाटलीत, नियमाप्रमाणे घेतलेला नमुनाच तपासायचा असतो. बाहेरून कुणीही काहीही आणेल. उद्या कुणी त्यात मूठभर मीठ टाकलं तर—"

ती थांबली, पण वाक्य पोहोचलं होतं.

"मी मीठ घालून आणलंय?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंस," दादा म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. त्यानं कॉइल पुन्हा कागदात गुंडाळली. बाटली तशीच टेबलावर सोडली आणि दार हळूच ओढून घेतलं.

तिनं बाटली ओतून दिली नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. लाल फुलीचं लेबल लावून तिनं ती रसायनांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर मागं सरकवली. मग त्या आठवड्याची बारावी बाटली घेतली. पन्नास मिली पाणी चंबूत घेतलं, औषध टाकलं. पाणी लालसर जांभळं झालं. ब्युरेटची, म्हणजे मापाच्या उभ्या नळीची, तोटी सैल केली आणि थेंब मोजत राहिली. सात मिलीवर पाणी निळं झालं, नेहमीसारखं. सात गुणिले वीस, एकशे चाळीस. तिनं आकडा लिहिला आणि खाली सही केली.

अर्ज फेटाळला गेला. पत्र दीड पानाचं होतं आणि त्यात 'सबब' हा शब्द चार वेळा होता.

लाँड्री महिनाअखेरीला नाही, त्यानंतर पंचवीस दिवसांनी बंद झाली. दादानं मशिनं भंगारात काढली नाहीत, दुसऱ्या गावातल्या एकाला दिली, तिथं पाणी बरं होतं म्हणून. आता तो इस्पितळाच्या धुलाई विभागात पाळीनं काम करायचा. ही बातमी तिला आईकडून कळली. तिला तो दिसायचा तो फक्त रस्त्यात, समोरून. दिसला की बूट बांधायला वाकायचा. एवढे बूट कुणाचे सुटत नाहीत.

आईचं मात्र त्यानं काही कमी पडू दिलं नाही. आई त्याच जुन्या घरात वरच्या मजल्यावर राहायची. खाली लाँड्रीचं बंद शटर. दादाचं बिऱ्हाड वरच्या आळीत, टाकीच्या लाइनीवर होतं. तिथल्या नळाचं पाणी दोन कॅन भरून तो रोज सकाळी आईला आणून द्यायचा. हे त्याचं पहिल्यापासूनचं व्रत. ती मनात म्हणायची, हट्टीपणा आहे, खात्याला खिजवण्यासाठी चाललंय सगळं.

सात महिन्यांनी एका सोमवारी बाटलीमामांचा गुडघा धरला. बाटलीमामा म्हणजे नमुने गोळा करणारे खात्याचे शिपाई. सायकलला लाकडी खोकं, खोक्यात बारा खण, आणि निवृत्तीला आठ महिने. खरं नाव पगारपत्रकात असेल.

"उद्या मी जाते," ती फोनवर म्हणाली. "तुम्ही पडून राहा."

"जिने फार आहेत हो, बाई," मामा कण्हत म्हणाले. "तेवढं बाराव्या नंबरला वर चढू नका. खालून सायकलची घंटा वाजवली की आजी दोरीनं पिशवी खाली सोडतात. बाटली पिशवीत टाकायची, भरून खाली येते. दोन मिनिटांचं काम."

"कधीपासून असं?"

"पहिल्यापासूनच. माझा गुडघा बघताय ना. आजीच म्हणाल्या, मामा, तुम्ही कशाला वर येता."

ती चिडली. छापील तक्त्यावर मामा तीन वर्षं बिनचूक खूण करत आले होते: नळ दोन मिनिटे सोडला, बाटली तीनदा विसळली, नमुना स्वतः घेतला. बरे होऊन आले की चांगलं फैलावर घ्यायचं, असं तिनं ठरवलं. पण काळजी अशी वाटली नाही. बारावा नंबर म्हणजे आईच्याच घरचा नळ, तो तिनं स्वतःच यादीत घातला होता. लाइनीचं शेवटचं घर, दार उघडायला कायम कुणीतरी असणारं, आणि मंगळवारी म्हातारीची कुणीतरी चौकशी करेल हाही एक छुपा हिशेब. नळ तोच, मग बाटली कुणी का भरेना.

मंगळवारी अकरा बाटल्या भरून ती खालच्या आळीत पोहोचली. शटरच्या कुलपावर गंज चढला होता. 'चोवीस तासांत कपडे तयार' ही पाटी अजून तशीच होती. तिनं सायकलची घंटा वाजवली. वर कठड्यावर हात दिसला आणि जाड दोरीला बांधलेली कापडी पिशवी हेलकावे घेत खाली आली.

"मामा, आज लवकर?" आईला तेवढ्या लांबचं नीट दिसत नसे. "थांबा हं, लगेच देते."

तिला गंमत वाटली. तिनं गुपचूप बाटली पिशवीत ठेवली, दोरीला झटका दिला आणि पिशवी वर जाऊ लागताच चपला हातात घेऊन जिना चढली. आई दचकेल, मग रागावेल, मग चहा टाकेल. पुष्कळ दिवसांत असा मंगळवार मिळाला नव्हता.

आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. तिनं बाटली पदरानं आतून बाहेरून पुसली, उजेडाकडे धरून बघितली. मग स्टीलच्या पिंपावरचं झाकण काढलं, ओगराळं बुडवलं आणि बारीक धार धरून, एक थेंब बाहेर न सांडता, बाटली गळ्यापर्यंत भरली.

नळ तिच्या डाव्या हाताला वीतभर अंतरावर होता. त्याच्या तोंडाला पांढरी झालर लागली होती.

"आई."

आई खरंच दचकली. "अगं बाई! तू कशी? मामा कुठंयत?"

"आई, हे पाणी कुठलं?"

"पिंपातलं."

"पिंपात कुठलं?"

"दादानं आणलेलं. वरच्या आळीतलं. आज सकाळचंच आहे, शिळं नाही."

"मामांना नेहमी हेच देतेस?"

"मग काय ते नळाचं देऊ?" आईनं नाक मुरडलं. "त्यात वाटाणेसुद्धा शिजत नाहीत. तुझ्या ऑफिसात जायचं पाणी. चिठ्ठीवर तुझी सही असते, मामांनीच दाखवली मला. लेकीच्या नावानं जायचं आणि घरातलं वाईट पाणी द्यायचं? चार लोक बघत असतील तिथं." तिनं बाटलीचं बूच घट्ट बसवलं. "तीन वर्षांत एकदाही नापास झालं नाही ना? मामा सांगतात मला, आजी, तुमचा नंबर पहिला."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ज्याच्यावर ओरडावं असं त्या खोलीत कुणी नव्हतं. पुसलेली बाटली हातात घेऊन एक म्हातारी उभी होती आणि तिला शाबासकी हवी होती.

तिनं खांद्यावरच्या पिशवीतून जादाची बाटली काढली, नळ सोडला. दोन मिनिटं घड्याळाकडं बघत उभी राहिली. तीनदा विसळली. भरली.

"ते कशाला नेतेस?" आई म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती. "ताई, ते नको नेऊस. बरं नाही दिसत."

"असू दे आई. दोन्ही नेते." जिन्याशी ती वळली. "हे दादाला सांगू नकोस."

"काय सांगू नको?"

"मी आले होते ते."

प्रयोगशाळेत आल्यावर तिनं बाकीच्या अकरा बाटल्यांना हात लावला नाही. नळाच्या पाण्याची बाटली घेतली. औषध टाकलं. पाणी लालसर जांभळं झालं. तोटी सैल केली. सात मिली. पाणी जांभळंच. दहा. पंधरा. वीसवर तिनं तोटी बंद केली, खुर्चीत बसली, पुन्हा उठली. पंचवीस. तीस. ब्युरेट अशी रिकामी होताना तिनं बाराव्या नंबरसाठी कधी पाहिली नव्हती. छत्तीसवर पाणी निळं झालं. सातशे वीस.

मग तिनं कपाट उघडलं आणि गुडघ्यांवर बसून खालच्या फळीवरून लाल फुलीची सरबताची बाटली काढली. वर धूळ बसली होती. दादाचं पाणी साडेपस्तीसवर निळं झालं.

संध्याकाळपर्यंत ती वही उघडी ठेवून बसली. पानं मागं उलटत गेली की एकशे चाळीस, एकशे अडतीस, एकशे बेचाळीस. तीन वर्षांचे मंगळवार. एकही आकडा खोटा नव्हता, हेच तिला सहन होईना. दादा सकाळी कॅन उचलून वर चढायचा, आई त्यातलं ओगराळंभर पाणी बाटलीत ओतायची, आणि दुपारी त्याच पाण्याच्या जोरावर त्याची बहीण त्याला खोटं पाडायची. आपली लाँड्री आपणच खांद्यावरून वाहून आणलेल्या पाण्यात बुडाली, हे त्याला कळलं तर? आणि आईला, त्यात तिचं ओगराळं होतं हे कळलं तर? मामांची तर चौकशीच लागली असती.

चूक कळवण्याच्या फॉर्मवर 'कारण' या शब्दापुढं दोन ओळींची जागा होती. तिनं लिहिलं: बारा क्रमांकाचे नमुने नियमाप्रमाणे घेतले गेले नाहीत. देखरेखीची संपूर्ण जबाबदारी केमिस्टची. खाली सही केली. साहेब लालबुंद झाले, पण फॉर्म आवक नोंदीत चढला होता, तो आता गिळता येत नव्हता.

गुरुवारी दोन माणसं लांब चावी घेऊन विहिरीवर गेली. व्हॉल्व्ह बंद केला होता तेव्हा तो पुरता बसलाच नव्हता. आत खडा अडकून राहिला होता. खडा काढून चावी फिरवायला त्यांना चाळीस मिनिटं लागली, त्यातली दहा बिडी ओढण्यात गेली. तिच्यावर मेमो निघाला, पगारवाढ रोखली गेली. आळीतली माणसं रस्त्यात तिच्याकडं बघून बाजूला थुंकत. बाईंनी साहेबांना खूश ठेवायला आकडे दाबून ठेवले, मग कुठंतरी फाटलं म्हणून कबूल केलं, असा सगळ्यांचा समज झाला. तिनं तो होऊ दिला.

दादा एकदाच आला. दारातच उभा राहिला.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"नव्हतं."

"मग काय झालं होतं?"

तिनं पुढ्यातली वही मिटली.

"काय झालं होतं ते सांग ना. मी ऐकतो."

तो खरंच ऐकायला आला होता. इस्पितळाच्या साबणानं त्याच्या बोटांची सालं निघाली होती. तिनं त्या बोटांकडं पाहिलं आणि मग टेबलाकडं.

"चूक झाली माझी."

"चूक," दादा म्हणाला. "माझी बाटली तपासलीस?"

"तपासली."

"मीठ होतं?"

"नव्हतं."

त्यानं मान हलवली आणि निघून गेला. या खेपेला दार उघडंच राहिलं.

बारावा नंबर आता आळीच्या तोंडाशी असलेल्या न्हाव्याच्या दुकानात गेला. पुढच्या रविवारी ती सकाळीच आईकडं गेली. कठड्याला बांधलेली पिशवी धुऊन वाळत घातली होती.

"मंगळवारी मामा आलेच नाहीत," आई म्हणाली. "दोनदा घंटा ऐकू आल्यासारखी वाटली. मी पिशवी सोडून बसले. खालची पोरं हसायला लागली."

"यादी बदलली, आई. आता दुसऱ्या घरचं घेतात."

"का? आपलं वाईट निघालं?" आईचा चेहरा उतरला. "तू ते नळाचं नेलंस तेव्हाच मला वाटलं होतं."

"नाही. तू दिलेलं पाणी चांगलंच होतं. एकदाही नापास झालं नाही."

"मग बरं." आईनं तिला पिंपातलं पाणी पेल्यात ओतून दिलं. "आता नळालाही चांगलं येतं म्हणे. मी दादाला म्हटलं, नको वाहून आणूस, खांदा दुखतो तुझा. ऐकतोय कुठं. म्हणतो, तिनं पास केलेलं पाणी मी तुला पिऊ देणार नाही. काय झालंय तुम्हा दोघांत ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

ती पेला धरून बसली. आई समोर टेकली आणि मनाशी काही ठरवल्यासारखी हसली.

"मी सांगते त्याला. मामांना त्याचंच पाणी देत होते म्हणून. तीन वर्षं त्याचं पाणी तुझ्या ऑफिसात पहिलं येत होतं. त्याला बरं वाटेल गं. तुझ्यावरचा रागही जाईल."

"नको. आई, तेवढं नको सांगूस."

"का पण? चांगलीच गोष्ट आहे ना?"

खाली शटरजवळ कॅन टेकल्याचा आवाज झाला. एक, मग दुसरा. थोडा वेळ कुणीतरी दम खाल्ला. मग जिन्यावर जड पावलं वाजू लागली. आई उत्तरासाठी तिच्या तोंडाकडं बघत होती.